पिवळी रेषा : जमखंडी ते घिवली

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, तारापूरच्या दक्षिणेस, घिवली हे मासेमारांचे गाव आहे. गावाच्या शेजारी देशातील पहिले अणुवीज केंद्र उभे आहे. एकीकडे दोरांवर सुकणारे बोंबील आणि चुलीचा धूर, तर दुसरीकडे युरेनियमच्या उष्णतेने वाफ करणाऱ्या भट्ट्या, असे दोन युगांचे अग्नी येथे एकमेकांच्या शेजारी नांदतात. 'अणू' हा शब्द ह्या किनाऱ्यावर अर्ध्या शतकाहून अधिक काळ लहानथोरांच्या तोंडी आहे. त्यामुळे मिळालेली नोकरी, गेलेली जमीन, वाढलेले बोईसर आणि उठलेली गावे ह्यांचा हिशेब येथील माणसाला ठाऊक आहे. पण त्या अणूच्या आत काय आहे, आणि ते माणसाला कसे कळले, ह्याचा इतिहास मात्र त्याच्यापर्यंत क्वचितच पोहोचला.

तो इतिहास सांगितला जातो तोही बहुधा युरोपचा इतिहास म्हणून. कोपनहेगन, गॉटिंगेन, केंब्रिज ही त्यातील तीर्थक्षेत्रे. ते खोटे नाही. पण ह्या कथेचा एक धागा आपल्या भूमीवरूनही गेला आहे. तो धागा म्हणजे प्रकाशातील एक पिवळी रेषा. जमखंडीच्या आकाशात ती दिसली, कोपनहेगनमध्ये तिचा अर्थ लागला आणि ज्या मूलद्रव्याची ती खूण होती ते आज तारापूरच्या इंधननळ्यांत भरलेले आहे. ह्या प्रवासाची हकिगत येथे मांडावयाची आहे.

चुलीतले मीठ

उतू गेलेल्या भाताचे खारट पाणी चुलीत सांडले की ज्वाला क्षणभर पिवळीधमक होते, हे आपल्या घरातील प्रत्येक गृहिणीने पाहिलेले असते. हा पिवळा रंग मिठातील सोडियमचा. काचेच्या लोलकातून तो प्रकाश पाहिला तर इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा न दिसता अगदी जवळजवळच्या दोन पिवळ्या रेषा दिसतात. १८१४च्या सुमारास जर्मन काचकारागीर फ्राउनहोफर ह्याने सूर्यप्रकाशात ह्याच जागी काळ्या रेषा पाहिल्या होत्या आणि त्यांना 'डी' हे अक्षर दिले होते. १८५९-६० साली किर्खहोफ आणि बुन्सेन ह्यांनी त्या दोहोंची सांगड घातली. प्रत्येक मूलद्रव्याच्या स्वतःच्या ठरावीक रेषा असतात, आणि त्या पाहून ते मूलद्रव्य कोठेही ओळखता येते, मग ते चुलीत असो वा सूर्यात.

ह्या शोधाने खगोलशास्त्राला नवी दृष्टी दिली. रोममधील जेझुइट धर्मगुरू फादर आंजेलो सेक्की ह्यांनी त्याच दशकात हजारो ताऱ्यांचे वर्णपट पाहून त्यांचे वर्ग पाडले. ताऱ्यांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. मात्र एक प्रश्न कोणालाही सुटत नव्हता. ह्या रेषा निर्माणच का होतात? सोडियमने हाच पिवळा रंग का निवडावा? रेषांची नोंदवही भरत चालली होती, पण ती कोणत्या लिपीत लिहिली आहे हे कोणालाच उमगत नव्हते.

१८ ऑगस्ट १८६८

त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाची सावली दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे गेली. वर्णपटदर्शक हाती आल्यानंतरचे हे महत्त्वाचे ग्रहण होते, म्हणून अनेक देशांचे निरीक्षक हिंदुस्थानात दाखल झाले होते. फ्रान्सचे यान्सेन गुंटूरला होते. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल हे पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात तळ देऊन होते. जमखंडी आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. पण मराठी आणि कानडी दोन्ही भाषा ज्या मुलखात नांदतात त्या सीमाभागाचाच तो एक भाग. हे हर्शेल युरेनस ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचे नातवाचे नाते सांगणारे, भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील अधिकारी.

ऑगस्टचा महिना, त्यामुळे ढगांनी त्यांची कठोर परीक्षा पाहिली. तरीही ढग फाटताच हर्शेलनी सूर्याच्या कडेवर उसळलेल्या ज्वाळेवर यंत्र रोखले, आणि लाल, नारिंगी व निळी अशा तीन तेजस्वी रेषा त्यांना दिसल्या. सूर्याच्या त्या ज्वाळा तप्त वायूच्या आहेत हे त्यातून सिद्ध झाले. नारिंगी-पिवळी रेषा सोडियमची 'डी' असावी असे त्यांना वाटले. त्या दिवशी इतर ठिकाणी पाहणाऱ्यांनाही साधारण तसेच वाटले.

तसे वाटणे स्वाभाविक होते. ग्रहणाच्या मोजक्या मिनिटांत सूक्ष्म मापे कशी घेणार? यान्सेन ह्यांना मात्र त्या रेषा इतक्या तेजस्वी दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील अशी त्यांची खात्री पटली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी तसे करून दाखवले. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर ह्यांनीही स्वतंत्रपणे हीच युक्ती योजली आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी घरच्या आकाशात त्या रेषा पाहिल्या. आता घाई नव्हती. नीट मोजल्यावर ध्यानात आले, की ही पिवळी रेषा सोडियमच्या रेषांच्या जवळ असली तरी त्यांच्यापैकी नव्हे. आजच्या मापाने सोडियमच्या रेषा ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरवर, तर ही ५८७.६वर. दोन नॅनोमीटरांहूनही कमी अंतर, पण त्या अंतरात एक संपूर्ण मूलद्रव्य दडलेले होते. सूर्यावरून त्याचे नाव पडले हेलियम.

ओटे आणि वेधशाळा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवले जातात. लॉकियरसाहेबांनी १८६८ साली येथूनच हेलियम शोधला, अशी लोकश्रुती आहे. मनाला सुखावणारी ही कथा इतिहासाला मात्र मान्य होण्यासारखी नाही. १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गास आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. ओट्यांची आठवण खरी आहे, फक्त सालांची सरमिसळ झाली आहे.

१८९८च्या त्या ग्रहणात आपल्याला अधिक अभिमान वाटावा अशी गोष्ट विजयदुर्गापासून दूर, सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे घडली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला ह्यांनी तेथे आपला तळ ठोकला. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभी राहिलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांच्या हाती होती. तिची वीस इंची दुर्बीण तेव्हा देशातील सर्वांत मोठी होती. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही त्याच जेऊरला आले होते. नायगामवालांनी वर्णपटाची छायाचित्रे घेतली आणि पुढे १९०२ साली ह्या ग्रहणाचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केला. परंतु १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. वारसा पुढे चालवणारा शिष्यवर्ग त्यांच्यामागे उभा राहिला नाही. ज्या दशकात वर्णपटातील रेषांचा अर्थ लागणार होता, नेमक्या त्याच दशकाच्या आरंभी पुण्याची ही खिडकी मिटली.

दरम्यान हेलियम पृथ्वीवर सापडला होता, आणि तोही कोठे? १८९५ साली लंडनमध्ये विल्यम रॅमसे ह्यांना तो क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजात मिळाला. सूर्यातला वायू युरेनियमच्या दगडात कसा? ह्याचा उलगडा रदरफर्ड आणि रॉइड्स ह्यांनी १९०८-०९च्या सुमारास केला. युरेनियम आपोआप झिजत असतो. झिजताना तो जे अल्फा कण फेकतो ते हेलियमचेच केंद्रक असते. दगडात अडकलेला हेलियम म्हणजे युगानुयुगे झिजलेल्या युरेनियमची साठलेली राख होती.

दोन इलेक्ट्रॉनांचे कोडे

१८९७ साली जे. जे. थॉमसन ह्यांनी इलेक्ट्रॉनाचे अस्तित्व दाखवून दिले. १९११ साली रदरफर्डने अणूच्या मध्याशी जड केंद्रक असल्याचे सांगितले. मग इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरता फिरता ऊर्जा गमावून त्यात कोसळत का नाहीत? डेन्मार्कच्या नील्स बोर ह्यांनी १९१३ साली धाडसी उत्तर दिले. इलेक्ट्रॉनाला वाटेल तेथे राहता येत नाही. जिन्याला पायऱ्या असाव्यात तशा त्याच्या ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्या असतात. दोन पायऱ्यांच्या मध्ये उभे राहण्यास जागा नाही. वरच्या पायरीवरून तो खाली उतरतो तेव्हा दोहोंतील फरकाएवढी ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. वर्णपटातील प्रत्येक रेषा म्हणजे अशी एकेक उतरण. रेषांची लिपी वाचता येऊ लागली ती अशी.

एकच इलेक्ट्रॉन असलेल्या हायड्रोजनाच्या रेषा बोरच्या गणिताशी तंतोतंत जुळल्या. पण दोन इलेक्ट्रॉन असलेल्या हेलियमपाशी ते गणित अडले. युरोपातील नामांकित गणिती जवळजवळ दहा वर्षे त्याच्याशी झुंजले आणि हरले. हेलियमच्या रेषांत आणखी एक विचित्र गोष्ट होती. त्यांची दोन स्वतंत्र कुटुंबे होती आणि एका कुटुंबातून दुसऱ्यात जाणे जवळपास होतच नसे. त्यामुळे हे मुळात दोन वायूंचे मिश्रण असावे, अशी शंका १८९५ साली घेतली गेली होती. आपली पिवळी रेषा त्यांपैकी एका कुटुंबातली. म्हणजे जमखंडीत दिसलेली रेषा ही जुन्या सिद्धान्ताच्या पायात रुतलेल्या काट्यांपैकीच एक होती.

तो काटा निघाला १९२६ साली. १९२५ हे वर्ष विज्ञानाच्या इतिहासात फार थोर ठरले. त्या वर्षी वेर्नर हायझेनबर्ग ह्यांनी इलेक्ट्रॉनाच्या न दिसणाऱ्या कक्षा बाजूला सारल्या आणि केवळ मोजता येणाऱ्या राशींवर नवे गणित रचले. वोल्फगांग पाउली ह्यांनी दाखवले, की सर्व बाबतींत सारख्या अशा एकाच अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत. इलेक्ट्रॉनाला स्वतःची अशी एक फिरकी असते, हेही त्याच वर्षी मांडले गेले. पुढच्या वर्षी एर्विन श्रोडिंगर ह्यांनी इलेक्ट्रॉनाचे तरंगरूप सांगणारे समीकरण दिले. ह्या सर्वांचे मिळून जे शास्त्र झाले तेच पुंजयामिकी.

१९२६ साली हायझेनबर्गने ते हेलियमला लावून पाहिले. किनाऱ्यावरच्या दोन होड्या कितीही सारख्या असल्या तरी त्यांच्यावर नाव-नंबर असतो, ही अमक्याची, ती तमक्याची, असे सांगता येते. इलेक्ट्रॉनांचे तसे नाही. हेलियमच्या दोन इलेक्ट्रॉनांपैकी हा कोणता आणि तो कोणता, हे विचारण्यातच अर्थ नसतो. ही अभिन्नता आणि फिरकीचे नियम गणितात घेतले की हेलियमचे दोन प्रकार आपोआप निघतात. एकात दोन्ही इलेक्ट्रॉनांच्या फिरक्या परस्परविरुद्ध, दुसऱ्यात एकाच दिशेच्या. वायू दोन नव्हते. एकाच वायूच्या दोन वृत्ती होत्या. पिवळी रेषा ही एकाच दिशेच्या फिरक्या असलेल्या हेलियमची. अठ्ठावन्न वर्षांनी तिला आपले घर सापडले.

अणूकडून पदार्थाकडे

पाउलीच्या तत्त्वाचा पल्ला फार मोठा निघाला. अणूत खालची पायरी भरली की पुढच्या इलेक्ट्रॉनाला वरची पायरी घ्यावी लागते. म्हणूनच मूलद्रव्यांचे स्वभाव निरनिराळे झाले. हेलियमची पहिली पायरी दोन इलेक्ट्रॉनांनी पुरी भरते, त्यामुळे तो कोणाशी देवघेव करीत नाही. सोडियमकडे वरच्या पायरीवर एकच इलेक्ट्रॉन, क्लोरिनला एकाची उणीव. एकाने दिला, दुसऱ्याने घेतला की मीठ तयार होते.

अब्जावधी अणू एकत्र येऊन धातू झाला की ह्या पायऱ्या मिसळून रुंद पट्टे होतात. पट्टा अर्धवट भरलेला असेल तर इलेक्ट्रॉन त्यात मोकळे हिंडतात. तांब्याच्या तारेतून वीज वाहते ती म्हणून. पट्टा पूर्ण भरलेला आणि वरचा फार दूर असेल, तर तो पदार्थ वीज अडवतो. हे अंतर थोडे असेल, तर सिलिकॉनसारखा अर्धवाहक होतो. धातूंचे नवे गणित १९२८च्या सुमारास आर्नोल्ट झोमरफेल्ट आणि फेलिक्स ब्लोख ह्यांनी मांडले. अर्धवाहकांचा खुलासा १९३१ साली ए. एच. विल्सन ह्यांनी केला. १९४७ सालचा ट्रान्झिस्टर आणि त्यापुढचे सारे संगणकयुग ह्याच झाडाला आलेली फळे होत.

हेच झोमरफेल्ट १९२८ साली हिंदुस्थानात आले होते. मद्रासमध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजचा विद्यार्थी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर त्यांना भेटला. तू शिकलास ते पुंजशास्त्र आता जुने झाले, असे झोमरफेल्टनी त्याला सांगितले आणि धातूंतील इलेक्ट्रॉनांवरील आपल्या ताज्या निबंधाची मुद्रिते त्याच्या हाती ठेवली. हा तरुण ३१ जुलै १९३० रोजी मुंबईच्या बंदरातून बोटीने युरोपकडे निघाला. प्रवासात त्याने पाउलीचे तत्त्व आणि सापेक्षतावाद ह्यांची जोड घालून पाहिली. विझलेल्या ताऱ्याला इलेक्ट्रॉनांचा दाब किती वजनापर्यंत तोलून धरू शकेल, ह्याची मर्यादा त्यातून निघाली. सूर्याच्या सुमारे १.४ पट ही ती प्रसिद्ध मर्यादा होय. त्यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मुंबईचेच होमी भाभा १९२७ साली केंब्रिजला गेले. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांना कसे विखुरतात, ह्याचे त्यांनी १९३५-३६ साली केलेले गणित आजही 'भाभा विकिरण' ह्या नावाने शिकवले जाते. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली. पुंजशास्त्राच्या शिल्पकारांपैकी पॉल डिरॅक ह्यांनी १९५५च्या सुमारास तेथे व्याख्याने दिली, आणि ती टिपून घेणाऱ्यांत तरुण जॉर्ज सुदर्शन होते. पुण्याची मिटलेली खिडकी मुंबईत अशी पुन्हा उघडली. ऑगस्ट १९५६मध्ये तुर्भ्याला 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. तिच्या पाण्यात निळसर प्रभा दिसे. पाण्यात प्रकाशाचा वेग मंदावतो आणि त्या मंदावलेल्या प्रकाशालाही मागे टाकून धावणारे इलेक्ट्रॉन ती प्रभा फेकतात.

घिवलीच्या शेजारी

तारापूरचे केंद्र १९६३च्या भारत-अमेरिका करारान्वये आकाराला आले. ते पुरे होण्यापूर्वीच, २४ जानेवारी १९६६ रोजी, भाभांचा विमान अपघातात अंत झाला. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी दोन भट्ट्यांनी व्यापारी वीजनिर्मिती सुरू केली. पुढे प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या २००५ आणि २००६ साली चालू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही शेजारची गावे उठली. पहिल्या दोन भट्ट्या २०२० साली दीर्घ दुरुस्तीसाठी थांबवण्यात आल्या.

चुलीत कार्बनचा एक अणू जळतो तेव्हा केवळ बाहेरचे इलेक्ट्रॉन जागा बदलतात आणि सुमारे चार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सुटते. युरेनियमचे एक केंद्रक भंगते तेव्हा सुटते सुमारे वीस कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे पाच कोटी पट. घिवलीच्या चुलीत आणि शेजारच्या भट्टीत हे अंतर आहे. त्या भट्टीचे सामर्थ्य त्यात आहे, आणि तिच्याविषयी वाटणाऱ्या धास्तीचे मूळही.

युरेनियमच्या गोळ्या झिर्कोनियमच्या बारीक नळ्यांत भरून त्या हवाबंद करतात. गोळी आणि नळी ह्यांच्यामधल्या फटीत हवा ठेवून चालत नाही. तेथे असा वायू हवा, की जो उष्णता चांगली वाहील, पण तप्त धातूशी कोणतीही रासायनिक देवघेव करणार नाही. हा वायू म्हणजे हेलियम. त्याचे दोन इलेक्ट्रॉन आपली पायरी पुरी भरून बसलेले असतात म्हणूनच तो ह्या कामी येतो. जमखंडीच्या आकाशात ज्याची खूण दिसली आणि लंडनमध्ये जो युरेनियमच्याच दगडात सापडला, तो हेलियम आज घिवलीच्या शेजारी पुन्हा युरेनियमच्या सोबतीला बसला आहे.

ह्या दीर्घ प्रवासाकडे पाहताना एक गोष्ट मनाला टोचते. जमखंडीने तळासाठी माळ दिला, विजयदुर्गाने ओटे दिले, जेऊरने रान दिले. अक्करपट्टी आणि पोफरणने तर गावेच दिली. आपण जागा देत आलो, अर्थ मात्र बहुधा दुसरीकडे लागला. नायगामवाला, चंद्रशेखर, भाभा ही नावे सांगतात, की बुद्धीचा येथे दुष्काळ कधीच नव्हता. दुष्काळ होता तो ज्ञान गावापर्यंत आणि गावाच्या भाषेपर्यंत आणणाऱ्या वाटांचा.

ज्या माणसाच्या कुंपणापलीकडे भट्टी धगधगते त्याला केवळ भरपाईचा नव्हे, समजून घेण्याचाही हक्क आहे. न समजता ठेवलेला विश्वास आणि न समजता बाळगलेले भय ही दोन्ही सारखीच आंधळी असतात. किरणोत्सार म्हणजे काय, समुद्रात सोडलेल्या पाण्याचे तापमान किती, संकटकाळी कोणता रस्ता धरावा, हे प्रश्न घिवलीच्या मुलाने विचारावेत आणि त्यांची उत्तरे त्याला मराठीत, आकड्यांसह मिळावीत. विज्ञानाला ह्यात अवघड वाटण्यासारखे काही नाही, कारण त्याचा स्वतःचा इतिहास असाच आहे. १८६८ साली त्या पिवळ्या रेषेकडे पाहून 'हे तर मीठच' म्हणणे सोपे होते. कोणीतरी पुन्हा एकदा नीट मोजून पाहिले, म्हणून सूर्यातले मूलद्रव्य हाती लागले. नीट मोजून पाहण्याचा आणि मोजलेले सांगण्याचा तो शिरस्ता ह्या किनाऱ्यावर रुजला, तर घिवलीने दिलेल्या जागेचे मोल काही अंशी तरी फिटेल.